जुना ट्रॅक्टर खरेदी करण्यापूर्वी

गुरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी सहसा फसत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, आणि एवढ्यावर समाधान न मानता बैल गाडीला किंवा औताला जुंपून दाखविण्याचा आग्रह धरतो. शिंगांना दिलेल्या रंगाकडे तो लक्षही देत नाही. तोच शेतकरी जुना ट्रॅक्टर पाहावयास गेला म्हणजे मात्र नवा रंग, चकचकीत बॉनेट आणि पहिल्याच झटक्यास सुरू होणारे इंजिन पाहून इसार देऊन मोकळा होतो, असे पुष्कळदा आढळून येते. पुढे मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा येतो, त्याच आठवड्यात ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहतो, आणि पेरणीसाठी दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने शोधण्याची पाळी मालकावर येते.

वास्तविक ट्रॅक्टरची परीक्षा करणे बैलाच्या परीक्षेहून फारसे अवघड नाही. यंत्राने आजवर जे काम केले असेल, त्याच्या खुणा ठरावीक भागांवर राहतातच. रंग देऊन त्या झाकता येतात, पण नाहीशा करता येत नाहीत. म्हणून ‘हा ट्रॅक्टर किती वर्षांचा आहे?’ या प्रश्नाआधी ‘हा ट्रॅक्टर आजवर कोणत्या कामावर होता?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे नेमके कोठे पाहावयाचे हे आपोआप कळते.

कामाप्रमाणे झीज

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या ऊसपट्ट्यांतील ट्रॅक्टर गाळपाच्या हंगामात एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे ऊस वाहतात. अशा ट्रॅक्टरचे इंजिन कित्येकदा ठणठणीत असते. परंतु क्लच, ब्रेक, गिअर-पेटी आणि मागील आस यांच्यावर वर्षानुवर्षे अतोनात ओढ पडलेली असते. ट्रॉली अडकविण्याच्या हुकाचे भोक प्रथम पाहावे. ते गोल न राहता लांबट झाले असेल, किंवा त्याच्याभोवती वेल्डिंगचा थर चढविलेला असेल, तर विक्रेता काहीही सांगो, ट्रॅक्टर वाहतुकीवर होता असे समजावे. इंजिन व गिअर-पेटी यांच्या मधल्या ओतीव भागावर तडा किंवा वेल्डिंग आहे का, हे खाली वाकून, चिंधीने तेल व धूळ पुसून पाहावे. या ठिकाणचा सांधलेला तडा म्हणजे व्यवहार सोडून देण्यास पुरेसे कारण होय, असे आमचे मत आहे.

कोकणात, तसेच भंडारा-गोंदियाकडील धानाच्या प्रदेशात ट्रॅक्टर चिखलणीवर असतो. येथे शत्रू ओझे नसून पाणी आहे. आसाची ऑइल-सीले झिजली की गढूळ पाणी आत शिरते व तेल बाहेर येते. मागील चाकांच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ दिसले, तर ही शंका घ्यावी. याची एक सोपी परीक्षा आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी, तो सुरू करण्यापूर्वी, गिअर-पेटीच्या तळाचा बूच किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी साचते, व असल्यास तेच प्रथम बाहेर पडते. तेल दुधाळ किंवा राखाडी दिसले, तरी अर्थ तोच. ही परीक्षा ट्रॅक्टर चालवून आणल्यावर करण्यात अर्थ नाही, कारण तोपर्यंत सर्व काही ढवळून गेलेले असते.

नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांतील लहान ट्रॅक्टर बाहेरून फारच नीटनेटके दिसतात. पण त्यांनी फवारणीचा ब्लोअर चालविण्यात तासन्‌तास घालविलेले असतात. त्यांचा पी.टी.ओ. दांडा व त्यावरील खाचा झिजल्या आहेत का, हे हाताने हलवून पाहावे. बोर्डो मिश्रणातील मोरचूद पत्र्यास व वायरींच्या टोकांस खाते; तेव्हा मडगार्डाची आतली बाजू, बॅटरीची पेटी आणि दिव्यांची जोडणी तपासावी. काळ्या जमिनीत नांगरट व रोटाव्हेटर यांवर राहिलेल्या ट्रॅक्टरचा भार मुख्यतः इंजिन, पी.टी.ओ. व हायड्रॉलिक लिफ्ट यांनी वाहिलेला असतो. अवजार अडकविण्याच्या पिना व त्यांची भोके तेथे बरेच काही सांगून जातात.

तासांच्या मीटरवर मात्र विसंबू नये. मीटर बंद पडलेला, बदललेला किंवा मुद्दाम सोडविलेला असू शकतो. यांत्रिक मीटर इंजिनाच्या ठरावीक वेगालाच घड्याळाचा एक तास मोजतो. त्याहून कमी वेगाने काम झाले असेल, तर तो कमी दाखवितो. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हिशोबासाठी ट्रॅक्टरचे आयुष्य सर्वसाधारणपणे १०,००० तास, म्हणजे वर्षास १,००० तासांप्रमाणे १० वर्षे, असे धरतात. आठ वर्षांच्या ट्रॅक्टरचा मीटर दीड-दोन हजार तास दाखवीत असेल, तर तो खोटाच असतो असे नव्हे. लहान शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर खरोखरच कमी चालतो. परंतु त्याच ट्रॅक्टरच्या क्लच-पेडलवरील रबर झिजून लोखंड गुळगुळीत झाले असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा, मीटरवर नव्हे.

थंड इंजिन, गरम तेल

इंजिन आपण गेल्यावरच सुरू करावे, असे विक्रेत्यास आधी सांगून ठेवावे, व तेथे गेल्याबरोबर त्यावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करून घ्यावी. ते कोमट लागले, तर चहा घेऊन बसावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. झिजलेले इंजिन गरम असताना चटकन सुरू होते; त्याचे दुखणे थंडीत उघडे पडते.

सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. जुने तेल काळे असणे स्वाभाविक आहे. ते दुधाळ असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळ असून त्यास डिझेलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर डिझेल आत गळत आहे. रेडिएटरचे झाकणही याच वेळी उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग नसावा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडून चेहरा भाजून घेतल्याची उदाहरणे गावोगावी ऐकू येतात, तेव्हा ही पाहणी नंतरवर टाकू नये.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. थंड इंजिनाने प्रारंभी थोडा पांढरा धूर काढला तर काळजीचे कारण नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला व रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर सिलिंडर-हेडकडे संशय जातो. काळा धूर बहुधा एअर-क्लीनर, नोझल किंवा डिझेल-पंपाचा दोष दाखवितो. हा दोष त्या मानाने स्वस्तात निघतो. निळा धूर मात्र इंजिन तेल जाळीत असल्याचे लक्षण असून त्याची दुरुस्ती म्हणजे इंजिन उघडणे होय. तेल भरण्याचे झाकण किंवा ब्रीदर येथून धुराचे झोत निघत असतील, तर रिंगा व लायनर झिजल्याचा निष्कर्ष पक्का समजावा.

येथवर सर्व ठीक असले, तरी व्यवहार अंगणात पुरा करू नये. ट्रॅक्टर शेतात न्यावा. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून निदान तासभर, ओझ्याखाली काम करून पाहावे. डिझेलचा खर्च घेणाऱ्याने सोसावा. तो वाया जात नाही. विक्रेता यास तयार नसेल, तर त्यातून काय समजावयाचे ते समजावे. ओझ्याखाली गिअर आपोआप निसटतो का, तापमानाचा काटा चढतच राहतो का, तेलाचा दाब गरम झाल्यावर उतरतो का, हे या तासाभरातच दिसते.

हायड्रॉलिक लिफ्टची परीक्षा या कामानंतरच घ्यावी. थंड, घट्ट तेलावर झिजलेला पंपही अवजार उचलून दाखवितो. तेल गरम व पातळ झाले की त्याचा दम संपतो. अवजार पूर्ण उचलून इंजिन बंद करावे. ते पाहता पाहता खाली बसू लागले, किंवा इंजिन चालू असता थोड्याथोड्या वेळाने डोलू लागले, तर आतून गळती आहे. उचललेल्या अवजाराखाली वाकून पाहण्याचा मोह कोणीही करू नये, आणि मुलांना तर जवळ फिरकूच देऊ नये.

क्लचसाठी मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते तसेच चालत राहिले, तर क्लच घसरत आहे. ब्रेकची दोन पेडले वेगवेगळी दाबून दोन्ही चाके सारखी धरतात का ते पाहावे, आणि रस्त्यावर चालविताना ती एकत्र जोडणारी कडी शाबूत आहे ना, हेही पाहावे. ही कडी नसताना वेगात एकच ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर उलटतो. पुढचा आस जॅकवर उचलून चाके हाताने हलविल्यास किंग-पिन व बेअरिंग यांची ढिलाई कळते.

मागील टायर हा जुन्या ट्रॅक्टरमधील सर्वात महाग सुटा भाग होय. ते रिमोल्ड केलेले आहेत का, बाजूंना भेगा आहेत का, दोन्ही एकाच मापाचे व सारखे झिजलेले आहेत का, हे पाहून नव्या जोडीची किंमत दुकानातून विचारून घ्यावी, व ती सौद्यात मोजावी. सुट्या भागांचा विचार येथेच करणे बरे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या बनावटीचे मजबूत ट्रॅक्टर अजून शेतांत चालताना दिसतात. परंतु बंद पडलेले कोणतेही मॉडेल घेण्याआधी त्याचे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात की नाही, याची चौकशी केली पाहिजे.

ही सर्व पाहणी एकट्याने करणे कठीण वाटेल. त्याकरिता मिस्त्री बरोबर न्यावा, पण तो विक्रेत्याच्या गावचा नसावा, व त्याची मजुरी आपण द्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा मिस्त्री मिळवून देणे, हे किमतीच्या वाटाघाटीत पडण्यापेक्षा अधिक उपयोगाचे काम आहे.

कागद आधी, पैसा नंतर

इंजिन बिघडले तर ते दुरुस्त होते. कागद बिघडलेले असले, तर ट्रॅक्टर व पैसा दोन्ही जातात. म्हणून आर.सी. बुकातील इंजिन-क्रमांक व चॅसिस-क्रमांक प्रत्यक्ष ट्रॅक्टरवरील क्रमांकांशी, वरील रंग खरवडून, अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहावेत.

बहुतेक ट्रॅक्टर कर्जावर घेतलेले असतात, आणि त्या कर्जाचा बोजा आर.सी.वर नोंदलेला असतो. ‘हप्ते फिटले आहेत, कागद नंतर देतो’ हे आश्वासन ऐकून पैसे देऊ नयेत. हप्ते थकलेला ट्रॅक्टर वित्तसंस्था नव्या मालकाच्या दारातूनही ओढून नेऊ शकते, व त्या वेळी दिलेला पैसा विक्रेत्याकडून परत मिळविणे फार जड जाते. बोजा आहे की नाही, हे परिवहन खात्याच्या एम-परिवहन या ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते. बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व तिची सही असलेला नमुना ३५ हाती आला पाहिजे. कर्ज शिल्लक असेल, तर ती रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी, व उरलेली विक्रेत्यास द्यावी.

मुद्रांक-कागदावर लिहून नोटरी केली की ट्रॅक्टर आपला झाला, ही समजूत खेड्यांत फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे. मालकी बदलाची नोंद परिवहन कार्यालयात नमुना २९ व नमुना ३० देऊन करावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावयाचे असते. परराज्यातील ट्रॅक्टर असल्यास तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपत आलेली असल्यास नूतनीकरणाचा खर्च व खटाटोप कोणी करावयाचा, हेही आधीच ठरवावे.

नाव बदलून देण्यात विकणाऱ्याचेही हित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात असा निर्णय दिला की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक होय. मधल्या काळात वाहन किती हातांतून गेले, याने त्याची जबाबदारी टळत नाही. ट्रॅक्टर विकून निश्चिंत झालेल्या शेतकऱ्याच्या घरी भरपाईच्या दाव्याची नोटीस येऊ शकते, ती यामुळेच.

ट्रॅक्टर शासकीय अनुदानातून घेतलेला असल्यास त्या अनुदानाच्या अटींत विक्रीवर बंधन आहे काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. बरोबर ट्रॉली घेत असल्यास तिची नोंदणी स्वतंत्र असते, तिचे आर.सी. निराळे मागावे. विम्याचे नाव १४ दिवसांच्या आत बदलून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. ट्रॅक्टर घरी आणल्यावर, जुन्या मालकाने काहीही सांगितले असले तरी, इंजिनचे तेल व सर्व फिल्टर बदलावेत, गिअर-पेटीचे तेल तपासावे, आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवून पुढील तेल-बदल त्यावरून मोजावेत.