न पडता गुडघ्यातली गादी फाटते कशी?

‘खेळत नाही, पडलो नाही, मग मेनिस्कस फाटला कसा?’ हा प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधल्या या चंद्रकोरीसारख्या गाद्या दोन वेगळ्या वाटांनी फाटतात. फुटबॉल किंवा रग्बीत पाय रुतलेला असताना अंग गर्रकन वळलं, की धडधाकट गादीही चिरते. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटलाय आणि शस्त्रक्रिया वर्षभराहून लांबली, तर आतल्या बाजूच्या गादीचा धोका वाढतो. दुसरी वाट झिजेची. तिचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे साठीपुढचं वय, पुरुष असणं आणि कामासाठी रोज उकिडवं किंवा गुडघे टेकून बसणं. फरशी बसवणारा कारागीर दिवसभर तसाच सरकत असतो. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात गादीच्या मागच्या भागावर दाब येतो. वर्षानुवर्षं असं चाललं, की चीर पडायला अपघात लागत नाही.

‘पण एमआरआयमध्ये चीर दिसतेय, म्हणजे दुखणं तिचंच!’ इथे घाई नको. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या ९९१ जणांचा गुडघा तपासला गेला. २००८ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात चीर असलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात काहीही त्रास नव्हता. २०१३ च्या फिनलंडमधल्या चाचणीत तर झिजेची चीर कापणं हे नुसत्या दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून सगळ्याच चिरा निरुपद्रवी, असं मात्र नाही. गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच जा.