काचुरवाहीचे ब्लॅनफर्डाइट

मुदखेड जंक्शनावरून किनवटमार्गे आदिलाबादकडे निघालेल्या उतारूने खिडकीशी बसून जमिनीवर नजर ठेवली, तर काळी बसाल्टी जमीन मागे पडून त्याहून फार प्राचीन असे पाषाण डोके वर काढू लागल्याचे त्याच्या ध्यानी येते. पुढे पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या चुनखडीत, मँगनीजचे थर आहेत. परंतु त्या गाळास भूगर्भातील दाहाची झळ लागलेली नसल्यामुळे तेथे मुख्यत्वे काळी ऑक्साइडेच मिळतात, आणि गुलाबी स्फटिकाच्या आशेने गेलेल्या संग्राहकाचे हात तेवढे काळे होतात.

नागपूर-भंडाऱ्याकडची हकीकत निराळी. तेथील मँगनीजयुक्त गाळ सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी खोल दडपला जाऊन तापला, तेव्हा मँगनीज व सिलिका यांच्या संयोगातून स्पेसार्टीन हा गार्नेट आणि गुलाबी ऱ्होडोनाइट उपजले. त्यांतला ऱ्होडोनाइट हवापाण्यात इतका काळवंडतो की हातोडी घातल्याखेरीज त्याचा रंग कळू नये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात 1902 साली रुजू झालेल्या लुइस ली फर्मर यांनी हा सारा मुलूख तपासून 1909 साली हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि स्पेसार्टीन व क्वार्ट्‌झ यांच्या खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हटले.

मौजे काचुरवाही, तालुका रामटेक, येथील पायरॉक्सीन वर्गातल्या एका मँगनीजधारी सिलिकेटास त्यांनी, दख्खनच्या बसाल्टाचा अभ्यास केलेल्या विल्यम ब्लॅनफर्ड यांचे नाव दिले. त्याचा मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा काप ध्रुवित प्रकाशात, सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या मंचावर ठेवावा, म्हणजे तेच खनिज, कणाकणाच्या बैठकीप्रमाणे, एका दिशेस गुलाबी, दुसऱ्या दिशेस जांभळे आणि तिसऱ्या दिशेस आकाशी दिसते, कारण त्यातील मँगनीजचे आयन प्रकाश प्रत्येक दिशेस वेगळ्या रीतीने शोषतात. असे खनिज हाती असता संग्राहकाने हिऱ्यामाणकांचा हेवा का करावा, हे मला उमगत नाही.

तथापि पायरॉक्सीन वर्गाची नावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 1988 साली हे नाव दप्तरातून खारीज केले. हे मँगनीजयुक्त एजिरीन-ऑजाइटच होय, असा तिचा निवाडा पडला. निवाडा बरोबरच आहे. घटकांच्या प्रमाणात थोडा फेर पडला की नवे खनिज, असे मानू लागलो तर नावांना अंतच राहणार नाही. जुन्या नमुन्यासोबतची काचुरवाहीची चिठ्ठी मात्र संग्राहकाने फेकू नये, कारण गाव कळल्याखेरीज त्या दगडाची किंमत निम्मीही राहत नाही. ब्लॅनफर्डाइटाचे नाव गेले तरी फर्मर यांनीच वर्णिलेल्या, झाबुआ जिल्ह्यातील काजलीडोंगरीच्या विंचाइट या खनिजाचे नाव अद्याप कायम आहे.