रे हंट : घोड्याची बाजू घेणारा शिक्षक

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुरांच्या कुरणांवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोऱ्या घोड्याची रग जिरवूनच त्याला तयार करत. त्याला जखडून खोगीर चढवायचे आणि उड्या मारून तो थकेपर्यंत स्वाराने मांड सोडायची नाही, अशी रीत होती. ती बदलणाऱ्यांत रे हंट (१९२९–२००९) यांचे नाव अग्रभागी आहे.

आयडाहोत जन्मलेले हंट तरुणपणी नेवाडातील कुरणांवर घोडेस्वार गुराखी होते. १९६०च्या सुमारास होंडो नावाचा खोडकर घोडा त्यांच्या वाट्याला आला. तो स्वाराला पाडी, पुढचे पाय उगारी. बळाने काही साधेना. त्याच सुमारास त्यांची गाठ ऑरेगॉनच्या टॉम डोरन्स (१९१०–२००३) यांच्याशी पडली. डोरन्स यांनी घोड्याऐवजी स्वाराच्या हाताकडे बोट दाखवले. हंट यांच्या पुढील आयुष्याची दिशा तिथे ठरली.

डोरन्स यांच्याकडून हंट जी पद्धत शिकले, तिचे मर्म दाब सोडण्यात आहे. लगामाचा ताण किंवा पायाचा दाब घोड्याला फक्त प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आल्याचे त्याला कळते ते दाब सुटल्यावर. म्हणून त्याने हव्या दिशेला नुसता भार कलवला, तरी त्याच क्षणी लगाम सैल करायचा. क्षणभर उशीर झाला, तर घोडा भलतीच गोष्ट शिकतो. चुकीची हालचाल अवघड आणि योग्य हालचाल सोपी करून ठेवायची. निवड घोड्याने करायची. वळवायचे असेल, तर खूर जमिनीवरून उचलला जाण्याची वेळ साधायची, कारण भार पेलणारा पाय वळत नाही.

१९७०च्या दशकापासून हंट गावोगावी शिबिरे घेऊ लागले. पुढे ऑस्ट्रेलियातही त्यांनी शिकवले. स्वार आपापली कोरी शिंगरे घेऊन येत आणि काही दिवसांत त्यांच्यावर बसू लागत. आपण घोड्याच्या बाजूने आलो आहोत, हे हंट आरंभीच बजावत. माणसांच्या चुका दाखवताना ते भीड ठेवत नसत. त्यांचे ‘थिंक हार्मनी विथ हॉर्सेस’ हे पुस्तक १९७८ मध्ये निघाले, तर डोरन्स यांचे ‘ट्रू युनिटी’ १९८७ मध्ये.

हंट यांचे शिष्य बक ब्रॅनमन यांनी ‘द हॉर्स व्हिस्परर’ (१९९८) या चित्रपटासाठी सल्लागार म्हणून काम केले. त्यांच्यावरील ‘बक’ हा माहितीपट २०११ मध्ये आला आणि कुरणांवरची ही विद्या घोड्याशी संबंध नसलेल्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली.