आडनाव एक, पूर्वज हजार

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र जिथे एकमेकांना भेटतात, तिथे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. लोकसंख्या जेमतेम २२ हजार. झाडे कमी, वारा भरपूर आणि गुरे माणसांपेक्षा जास्त. या बेटांवर आइझबिस्टर नावाचे एक आडनाव आढळते. स्कॉटलंडमध्ये स्मिथ, ब्राउन, विल्सन ही आडनावे पावलोपावली भेटतात. आइझबिस्टर मात्र ऑर्कनी आणि शेजारची शेटलंड बेटे सोडली की सहसा कानावर पडत नाही. अशी दुर्मीळ आडनावे इतिहासकारांना आवडतात हे साहजिकच आहे. पण गेली काही वर्षे जनुकशास्त्रज्ञ आणि डॉक्टरही त्यांच्याकडे बारकाईने पाहू लागले आहेत. आडनावातून आजाराचा माग काढता येतो का, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'थोडासा येतो, पण फसगतही होते' असे आहे. ही फसगत नेमकी कुठे होते, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या कामाचे आहे.

शेताचे नाव माणसाला

ऑर्कनी बेटे अनेक शतके नॉर्वेच्या अमलाखाली होती. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने मुलगी मार्गारेट हिच्या हुंड्याची रक्कम उभी करता येईना म्हणून ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. ती पुन्हा कधीच सोडवली गेली नाहीत. राज्य बदलले, हळूहळू बोलीही बदलली. पण शेतावाडीची जुनी नॉर्स नावे तशीच राहिली. नावाच्या शेवटी येणारा 'बिस्टर' हा जुन्या नॉर्स भाषेतील शेतवाडी या अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवशेष. आइझबिस्टर म्हणजे बहुधा 'पूर्वेकडची वाडी'. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागून आडनाव होते, तसे तिथे शेताचे नाव कोणताही प्रत्यय न लागता थेट माणसाला चिकटले.

गंमत अशी, की आइझबिस्टर नावाची वाडी एकच नाही. ऑर्कनीत बर्सी, रेंडल आणि साउथ रोनाल्डसे अशा वेगवेगळ्या भागांत या नावाच्या जागा आहेत आणि शेटलंडमध्येही आहेत. पूर्वेकडे शेत असणे ही काही एकाच गावची मिरास नव्हे! शिवाय जुन्या काळी एखादा शेतकरी एक वाडी सोडून दुसरीवर गेला, तर त्याचे आडनावही बदलत असे. म्हणजे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी आणि एकमेकांशी नाते नसलेल्या दोन घराण्यांचे आडनाव एकच, असे दोन्ही प्रकार घडले. स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची सरकारी नोंदणी १८५५ साली सुरू झाली. तोपर्यंत आडनावे बरीच स्थिरावली होती, पण त्याआधीचा सगळा गुंता त्यांच्या पोटात शिल्लक होता.

बेटावरून बर्फाकडे

इंग्लंडमध्ये १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी कॅनडात केसाळ कातड्यांचा व्यापार करी. तिची जहाजे अटलांटिक ओलांडण्यापूर्वी ऑर्कनीतील स्ट्रॉमनेस बंदरात थांबत, गोडे पाणी भरून घेत आणि सोबत तरुण पोरेही घेऊन जात. थंडीची सवय असलेले, होडी हाकणारे आणि कमी पगारात राबणारे हे लोक कंपनीला फार पसंत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील तिच्या नोकरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऑर्कनीचे होते. त्यातल्या अनेकांनी तिथल्या क्री आणि इतर मूळनिवासी स्त्रियांशी संसार मांडले.

अशाच एका कुटुंबात १८२२ साली अलेक्झांडर केनेडी आइझबिस्टरचा जन्म झाला. तो पुढे लंडनमध्ये शिक्षक आणि वकील झाला, कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध मूळनिवासी आणि मिश्रवंशीय मेती लोकांच्या बाजूने लढला आणि आपली पुस्तके व पैसा मॅनिटोबा विद्यापीठाला देऊन गेला. जेम्स आइझबिस्टर या मेती पुढाऱ्याने १८६२च्या सुमारास वसवलेल्या वस्तीतून सस्कॅचेवानमधील प्रिन्स आल्बर्ट हे शहर उभे राहिले. आज मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या प्रांतांतील क्री आणि मेती कुटुंबांत हे नाव सहज भेटते. आडनाव मायदेशी दुर्मीळ आणि परमुलखात रुजलेले, अशी ही स्थिती.

आडनावे का विझतात?

काही आडनावे फोफावतात आणि काही नाहीशी होतात, यामागे घराण्याचे कर्तृत्व किंवा दोष असलाच पाहिजे असे नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नामवंत घराणी नष्ट होत असल्याची चिंता व्यक्त होई. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली हा प्रश्न गणित म्हणून मांडला आणि हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाच्या साथीने पुढल्या वर्षी त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

साधे उदाहरण घेऊ. समजा, एका आडनावाचा एकच पुरुष आहे आणि समाजात प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला दोन आणि कुणाला एकही नाही. निव्वळ योगायोगाच्या हिशेबाने पहिल्याच पिढीत आडनाव संपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते, दुसऱ्या पिढीअखेर ५३ टक्के आणि पाचव्या पिढीअखेर ७३ टक्के! लोकसंख्या जराही घटलेली नाही, रोगराई नाही, युद्ध नाही. तरी चारांपैकी जवळजवळ तीन आडनावे पाच पिढ्यांत गेली. उरलेली मात्र जास्त माणसांत पसरली. त्यातच एखाद्या घरातले तरुण जहाजावर चढून कॅनडाला गेले, की मायदेशी ते आडनाव आणखी विरळ होते.

काही वेळा कायदाही आडनाव पुसतो. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १६०३ साली मॅकग्रेगर हे नाव लावण्यावरच बंदी घातली. मधली काही वर्षे वगळता ही बंदी १७७४ पर्यंत होती. त्या काळात मॅकग्रेगर कुळातील कितीतरी लोकांनी दुसरी आडनावे घेतली. नाव गेले, वंश राहिला.

वाय गुणसूत्राची साक्ष

आडनाव वडिलांकडून मुलाकडे जाते, तसेच पुरुषांमधील वाय गुणसूत्रही वडिलांकडूनच मुलाला मिळते. मग एकाच आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र सारखे असायला हवे. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधील आडनावांवर हे तपासले. स्मिथसारख्या अतिपरिचित आडनावात कोणाचा कोणाशी मेळ नव्हता. लोहारकाम गावोगावी होते, म्हणून हे आडनावही गावोगावी स्वतंत्रपणे जन्मले. उलट ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुसंख्य पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. आडनाव जितके दुर्मीळ, तितका एकच मूळपुरुष असण्याचा संभव जास्त.

पण साखळी तुटतेही. दत्तकविधान, आईचे आडनाव लावणे, वारसाहक्कासाठी नाव बदलणे, विवाहबाह्य संबंध अशी अनेक कारणे असतात. दर पिढीत हे प्रमाण साधारण एक ते साडेचार टक्के असावे, असा या संशोधकांचा अंदाज आहे. दोन टक्के धरले, तरी वीस पिढ्यांत एक तृतीयांश साखळ्या तुटलेल्या असतात. त्यामुळे आडनाव सारखे पण गुणसूत्र वेगळे निघाले, तर त्यात अचंबा नाही आणि कुणी शरमेने मान खाली घालण्याचेही कारण नाही.

आडनावांचा वैद्यकीय उपयोग करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी स्वतःच्या मामेबहिणीशी लग्न केले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज याने १८७५ साली नवरा-बायकोचे माहेर-सासरचे आडनाव एकच असलेल्या विवाहांची मोजदाद करून इंग्लंडमधील चुलत-मामे भावंडांच्या लग्नांचे प्रमाण अजमावले. पुढे हीच पद्धत सुधारून जगभर वापरली गेली. अर्थात छोट्या वस्तीत ती फसू शकते. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील काही कोळी गावांत आडनावे इतकी थोडी होती, की माणूस ओळखण्यासाठी प्रत्येकाला एक जोडनाव लावावे लागे. अशा गावात आडनाव जुळले म्हणजे नाते जुळले, असे कसे म्हणणार?

वेस्टरे बेटाचा धडा

आता मुख्य मुद्दा. ऑर्कनीच्या उत्तर भागात वेस्टरे नावाचे सुमारे ६०० वस्तीचे बेट आहे. ऑर्कनीतील दोन हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास एडिंबरा आणि ॲबर्डीन विद्यापीठांच्या संशोधकांनी केला. २०२३ साली त्यांनी जाहीर केले, की आजी-आजोबा ऑर्कनीचे असलेल्या दर १०० जणांपैकी एकात बीआरसीए-१ या जनुकातील एक विशिष्ट घातक बदल आढळतो. ब्रिटनमध्ये इतरत्र तो अत्यंत विरळ आहे. हा बदल असणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वंशावळी वेस्टरे बेटाकडे जाऊन पोचतात. किमान अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजाकडून तो उतरत आला असावा. २०२४ साली शेटलंडमधील व्हाल्सी बेटावर असाच प्रकार बीआरसीए-२ या जनुकाबाबत पुढे आला.

बीआरसीए जनुके पेशींतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. बीआरसीए-१ निकामी असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण ६० ते ७० टक्के आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाची सुमारे ४० टक्के असते. हे वेळेवर कळले, तर नियमित एमआरआय तपासणी करता येते, मुले झाल्यावर बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा निर्णय घेता येतो आणि बरेच मृत्यू टळतात.

मग तपासणी कोणाची करायची? सोपा मार्ग दिसतो तो असा, की वेस्टरेची म्हणून ओळखली जाणारी आडनावे घ्यावीत आणि ती लावणाऱ्यांना बोलवावे. पण डॉक्टरांनी तसे केले नाही. आडनाव न विचारता त्यांनी 'तुमचे आजी-आजोबा, चौघांपैकी कोणीही, वेस्टरेत जन्मले होते का?' असे विचारले. उत्तर 'हो' असेल, तर घराण्यात कर्करोग असो वा नसो, मोफत तपासणी देऊ केली.

यामागचे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. दहा पिढ्या मागे गेले, की प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षावर १,०२४ जागा असतात. छोट्या बेटावर त्यातल्या काही जागांवर तीच माणसे पुन्हा येतात, तरी संख्या मोठीच. आडनाव या १,०२४ पैकी फक्त एकाकडून येते. बीआरसीएसारखे जनुक मात्र वाय गुणसूत्रावर नसते. ते आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी असते. वेस्टरेची मुलगी लग्न होऊन ग्लासगोला गेली, की पुढच्या पिढीत आडनाव पुसले जाते; जनुकातला बदल मात्र सोबत जाऊ शकतो. आडनावावर विसंबून यादी केली असती, तर अशा स्त्रियांची लेकरे-नातवंडे त्यातून सुटली असती आणि केवळ नाव जुळते म्हणून भलत्याच लोकांची झोप उडाली असती.

सगळेच आजार एका पूर्वजाच्या माथी मारता येत नाहीत, हेही ऑर्कनीनेच दाखवले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे प्रमाण तिथे लाखात ४०२ इतके नोंदले गेले. जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी ते एक आहे. त्यामागे कोणतेही एक जनुक किंवा एक घराणे नाही. अनेक जनुके, संसर्ग आणि वातावरण यांचा तो एकत्रित परिणाम मानला जातो.

वडिलांची बाजूही सांगा

दवाखान्यात 'घरात कोणाला कर्करोग होता का?' असे विचारले, की बहुतेक स्त्रिया आई, मावशी आणि आजी यांच्यापुरता विचार करून उत्तर देतात. वडिलांची बहीण, म्हणजे आत्या, आणि वडिलांची आई यांची आठवण होत नाही. आत्या लग्न होऊन गेली, तिचे आडनाव बदलले, म्हणून जणू ती या घराच्या इतिहासातूनही बाहेर गेली! वडिलांना स्तनाचा कर्करोग सहसा होत नाही, म्हणून त्यांच्या बाजूने धोका येत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वतः निरोगी असलेला बाप हा बदल लेकीला देऊ शकतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नोंद न्यावी. कोणाला कोणता कर्करोग झाला आणि कितव्या वर्षी, एवढी माहिती पुरते. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात झालेला बीजांडकोशाचा कर्करोग आणि पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग यांची नोंद तर हमखास हवी. नोंद करताना माहेर सोडून गेलेल्या लेकींना विसरू नये. आडनाव त्यांच्यापाशी थांबले असेल, रक्ताचे नाते थांबलेले नाही.