ठोके ऐकायचे, पण कोणत्या नियमाने?



सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरील मातांसाठी सीटीजी यंत्र द्यायची इच्छा आपल्यातील एका मंडळीने कळवली आहे. कळा सुरू असताना हे यंत्र पोटातील बाळाचे ठोके सतत कागदावर नोंदवते. होकार देण्याआधी मी एका आरोग्य केंद्रातील सिस्टरना विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, यंत्र येईल हो, पण रात्री मी एकटीच असते. तो कागद वाचणार कोण? ठोके बिघडले तर ऑपरेशन करणार कोण?"

म्हणून मी मार्गदर्शक सूचना वाचायला बसले. सूचना छापील आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही. ती पारखण्यासाठी 'अ‍ॅग्री-२' नावाची पद्धत आहे. तिच्यात सहा भागांत २३ मुद्दे आहेत. प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे. गुण देणारे निदान दोघे, शक्यतो चौघे असावेत.

सहा भाग साध्या शब्दांत असे: सूचना कोणासाठी आहे? ती करताना परिचारिका आणि माता यांचे मत घेतले का? पुरावा कसा शोधला, कसा तोलला? भाषा स्पष्ट आहे का? ती पाळायला लागणारी माणसे, साधने व पैसा यांचा विचार केला आहे का? लिहिणाऱ्यांवर पैसा देणाऱ्यांचा प्रभाव तर नाही?

सिस्टरांचा प्रश्न पाचव्या भागातला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सांगतात की माता निरोगी असेल व कळा आपोआप आल्या असतील, तर सतत सीटीजी नको. डॉप्लर किंवा पिनार्ड नळीने ऐकावे: आधी दर १५ ते ३० मिनिटांनी, बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. प्रत्येक वेळी निदान एक मिनिट, कळेत आणि कळ ओसरल्यावर ३० सेकंद तरी. मिनिटाला ११० ते १६० ठोके सर्वसाधारण मानतात. सतत सीटीजीने नवजात बाळांचे झटके कमी होतात. पण मृत्यू कमी झाल्याचे स्पष्ट दिसत नाही, सिझेरियन मात्र वाढते.

जोखमीच्या मातेची गोष्ट वेगळी. तिला वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचवलेच पाहिजे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे: हीच देणगी डॉप्लर, त्याचे सेल, प्रशिक्षण आणि गाडीचे डिझेल यांसाठी द्यावी. पारख करून चांगले ते धरावे, हे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला शिकवलेच आहे. आणि रात्री एकट्या जागणाऱ्या सिस्टरांना प्रार्थनेत आठवा.