जुन्या संगणकाची उष्णता आणि तिचे अर्थकारण

बेंगळुरूमधील चामराजपेट ही १८९२ मध्ये नियोजनपूर्वक आखण्यात आलेली वसाहत होय. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती ओळखली जाते. संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच ‘एस. पी. रोड’, येथून जवळच आहे. अशा जुन्या वस्तीतील अनेक घरांत, तसेच महाराष्ट्रातील लहान शहरांतही, विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा संगणक बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वीचा, कधी दुसऱ्याने वापरून दिलेला असतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’ची किंवा २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ची व्याख्याने त्यावर पाहिली जातात. अर्ध्या तासात पंख्याचा आवाज वाढतो, चित्र अडखळते आणि प्रसंगी संगणक आपोआप बंद पडतो. संगणक म्हातारा झाला, तो टाकून द्यावा, असा निष्कर्ष मग काढला जातो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. त्याची कारणे तांत्रिक आहेत, तशीच आर्थिकही आहेत.

उष्णतेचा उगम

प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. विजेचा हा वापर प्रोसेसरच्या कार्यगतीच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी तेवढ्याच क्षेत्रफळावरील वीजवापर स्थिर ठेवता येतो, असे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते. २००५ च्या सुमारास हा नियम लागू पडेनासा झाला. २००४ मधील काही पेंटियम-४ प्रोसेसरांची उष्णता-मर्यादा ११५ वॅटपर्यंत पोहोचली होती. २००६ मध्ये आलेल्या कोअर-२ ड्युओ मालिकेतील अनेक प्रोसेसरांसाठी ती ६५ वॅट होती. जुन्या पिवळ्या दिव्याइतकी ही उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सतत बाहेर काढावी लागते.

चलच्चित्राचा प्रश्न येथेच उद्भवतो. महाजालावरून येणारे चित्र संकुचित स्वरूपात येते व संगणकाला ते उलगडावे लागते. त्यासाठीची मानके बदलत गेली आहेत. एच.२६४ हे मानक २००३ चे, व्हीपी९ हे २०१३ चे, तर एव्ही१ हे २०१८ चे. ज्या मानकासाठी संगणकात स्वतंत्र मंडल असते, ते चित्र अत्यल्प विजेत उलगडते. मंडल नसेल तर मुख्य प्रोसेसरला सर्व आकडेमोड स्वतः करावी लागते. तयार कोष्टक पाहून उत्तर लिहिणे आणि प्रत्येक वेळी नव्याने गुणाकार करणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये व्हीपी९ साठी पूर्ण मंडल सातव्या पिढीपासून, तर एव्ही१ साठीचे मंडल २०२० मधील अकराव्या पिढीपासून उपलब्ध झाले. त्यामुळे २०१२ च्या सुमारास घेतलेल्या संगणकात एच.२६४ साठी सोय असली तरी पुढील दोन मानकांसाठी ती नसते.

नव्या मानकांमुळे तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी कमी डेटा लागतो. प्रसारण करणाऱ्या कंपनीचा खर्च वाचतो आणि ग्राहकाचा डेटाही वाचतो. मात्र उलगडण्याचे श्रम, वीज व उष्णता यांचा भार ग्राहकाच्या यंत्रावर पडतो. जितके यंत्र जुने, तितका हा भार अधिक. म्हणजेच येथे खर्च नाहीसा होत नाही. त्याचा एक भाग एका घटकाकडून दुसऱ्याकडे सरकतो.

उष्णतेचा निचरा

प्रोसेसरचे तापमान ढोबळमानाने एका साध्या समीकरणाने समजते: खोलीचे तापमान अधिक वीजवापर व उष्णतारोध यांचा गुणाकार. समजा, खोलीचे तापमान ३४ अंश सेल्सिअस, वीजवापर ६५ वॅट आणि उष्णतारोध दर वॅटला ०.५ अंश आहे. तर प्रोसेसरचे तापमान ६६.५ अंश होईल. धुळीने पंखा व धातूच्या पात्या भरल्या, प्रोसेसर आणि पात्यांमधील लेप वाळला आणि रोध ०.९ झाला, तर तेच तापमान ९२.५ अंशांवर जाते. १०० अंशांच्या आसपास अनेक प्रोसेसर स्वतःची गती कमी करतात आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद होतो. हे आजारपण नसून यंत्राने केलेले आत्मरक्षण होय.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. येथील हवा सौम्य असली तरी किनाऱ्यापेक्षा सुमारे ८ ते १० टक्के विरळ आहे. त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत पंखा थोडी कमी उष्णता वाहून नेतो. वाहतुकीची धूळ आणि जुन्या घरांतील कोंदट कोपरे यांची त्यात भर पडते.

उपाय: खर्चाच्या चढत्या क्रमाने

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. १०८० रेषांच्या चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर ४८० रेषांच्या चित्रात सुमारे ४.१ लाख. फळ्यावरील व्याख्यानासाठी दुसरे बहुधा पुरेसे ठरते आणि काम जवळपास पाचपट कमी होते. ब्राउझरमधील हार्डवेअर प्रवेग चालू ठेवणे, एच.२६४ स्वरूपच मागवणारी पूरक आज्ञावली बसवणे आणि अनावश्यक पाने बंद करणे, हेही तितकेच उपयुक्त. विंडोजच्या वीज-नियोजनात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास अनेक संगणकांतील अतिरिक्त वेगवाढ थांबते व तापमान उतरते. संगणक भिंतीपासून दूर, बंद कप्प्याच्या बाहेर ठेवावा.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. वीजजोडणी काढून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ झटकावी. तिसरा उपाय म्हणजे वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे. हा खर्च साधारणतः काहीशे रुपयांत भागतो. त्यानंतर नवा पंखा आणि सर्वांत शेवटी नव्या मानकांचे मंडल असलेले छोटे ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले असतील किंवा वीजपुरवठा संच निकामी होत असेल, तर पुढील प्रत्येक रुपयापासून मिळणारा लाभ घटत जातो. दुरुस्ती कोठे थांबवावी, हे या सीमांत लाभावरून ठरते.

व्यापक संदर्भ

आयकराच्या नियमांत संगणकाच्या घसाऱ्याचा दर पूर्वी ६० टक्के होता. २०१७ मध्ये तो ४० टक्क्यांवर आणण्यात आला. या दरानेही ३०,००० रुपयांच्या संगणकाचे पुस्तकी मूल्य तीन वर्षांत ६,४८० रुपये उरते. पुस्तकी आयुष्य आणि उपयोगाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणकही कालबाह्य ठरले. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा पर्याय अशा वेळी महत्त्वाचा ठरतो.

टाकून दिलेल्या संगणकाची किंमत मात्र टाकणारा मोजत नाही. जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग असंघटित कामगारांच्या हाती जातो. शिसे व विषारी धूर यांचा धोका त्यांना पत्करावा लागतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. भारताने २०११, २०१६ आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांद्वारे उत्पादकाचे विस्तारित दायित्व टप्प्याटप्प्याने दृढ केले. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू केले.

पुनर्चक्रणापूर्वी पुनर्वापर आणि पुनर्वापरापूर्वी देखभाल, हा क्रम धोरणात मान्य झाला आहे. घरात तो रुजणे बाकी आहे. पात्यांवरील धूळ झटकल्याने एखाद्या विद्यार्थ्याचे आणखी एक शैक्षणिक वर्ष निर्वेध पार पडत असेल, तर तेवढ्या काळापुरती नव्या यंत्राची गुंतवणूक वाचते आणि एका कामगाराच्या फुप्फुसांत जाणारा धूरही टळतो.