स्टिअरिंग वळवताना गाडी का किंचाळते?

सांताक्रूझच्या देशांतर्गत विमानतळावर टुरिस्ट गाडी चालवणारे आमच्या परिचयातील एक गृहस्थ मध्यंतरी मोठ्या चिंतेत होते. सकाळी गाडी सुरू करून स्टिअरिंग पूर्ण वळवले की बॉनेटखालून असा कर्कश आवाज निघे की शेजारीपाजारी खिडकीत येत. एका ठिकाणी बेल्ट बदलून झाला. तीन आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने पंप गेल्याचे सांगून हजारोंचा अंदाज हाती दिला. डोक्यावर बँकेचा हप्ता, आणि गाडी उभी राहिली की त्या दिवसाची रोजी बुडाली!

शेवटी आम्ही त्यांना घेऊन एस. व्ही. रोडच्या मागच्या गल्लीत एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. हे उस्ताद पद्मिनीवर हात बसलेले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या गाडीत पॉवर स्टिअरिंगच नव्हते. चालक खांद्याच्या जोरावर चाक वळवीत. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. उस्तादांनी मात्र नव्या गाड्यांचे कामही शिकून घेतले आहे. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी एकच गोष्ट खोदून खोदून विचारली, आवाज नेमका केव्हा येतो?

त्या प्रश्नातच निम्मे निदान असते. जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला नेले की तेलाचा दाब सर्वाधिक होतो, पंप जड होतो आणि सैल किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट पुलीवर घसरू लागतो. किंचाळी असते ती या घसरण्याची. तेल कमी झाले असेल तर आवाज निराळा, घुमल्यासारखा येतो आणि टाकीत फेस दिसतो. इंजिन बंद ठेवून चाक वळवले तरी करकर येत असेल, तर बेल्टचा आणि पंपाचा काही संबंध नाही. बॉल जॉइंट किंवा शॉकअॅब्सॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग पाहावे. एकाने स्टिअरिंग फिरवावे, दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवावा. बेअरिंग धरत असेल तर स्प्रिंग अडकून झटक्याने सुटते, ते हाताला कळते. हे मात्र इंजिन बंद असतानाच करायचे.

उस्तादांनी मग पाण्याची पिचकारी मागवली. इंजिन चालू ठेवून, हात आणि सदऱ्याची बाही दूर ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी उडवले. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुली सरळ रेषेत नसते. वाढला तर बेल्ट घसरतो आहे. येथे तो वाढला. इंजिन बंद करून त्यांनी बेल्टवर बोट फिरवले. बोटाला तेल लागले. पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीची क्लिप ढिली होती आणि थेंब थेंब तेल थेट नव्या बेल्टवर पडत होते! पंप ठणठणीत होता. नळीचा चिरलेला तुकडा कापला, क्लिप बदलली, पुल्या स्वच्छ पुसल्या आणि मग नवा बेल्ट चढवला. तेल टाकीच्या झाकणावर लिहिले होते तेच भरले. हाताशी येईल ते लाल तेल ओतण्याची सवय घातक आहे. बेल्टला साबण किंवा कसलासा फवारा मारून आवाज दाबण्याच्या युक्त्याही उस्ताद हसून उडवून लावतात.

पावसाळ्यात या भागातील मालकांनी थोडी अधिक काळजी घ्यावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तसा प्रलय दरवर्षी होत नाही, पण मिलन सबवेत पाणी भरणे काही नवे नाही. अशा पाण्यातून गाडी काढल्यावर बेल्ट काही मिनिटे ओरडला तर घाबरू नये. वाळल्यावरही ओरडत राहिला तर खाचांत गाळ बसला आहे असे समजून तो साफ करून घ्यावा.

आता बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते. तेथे ना हे तेल, ना हा बेल्ट. अशा गाडीत कोणी स्टिअरिंगचे तेल बदलायला सांगितले तर सरळ दुसरे गॅरेज गाठावे. आणि मॉलच्या तळघरातील गुळगुळीत फरशीवर वळताना येणारा आवाज टायरचा असतो. त्यासाठी खर्च करू नये.

उस्तादांची एक तक्रार आम्हाला पटली. सुट्या भागाचे पैसे गिऱ्हाईक मुकाट्याने देते, पण दोष शोधण्याची मजुरी लिहिली की घासाघीस सुरू होते. मग काही गॅरेजवाले शोधण्याचे कष्ट न घेता भाग बदलून मोकळे होतात, आणि खर्च पुन्हा गिऱ्हाइकाच्याच माथी येतो. आमच्या गृहस्थांनीही बिलावरील ‘तपासणी’ या ओळीवर बोट ठेवलेच. उस्तादांनी गल्ल्यातून काढून ठेवलेली ती जुनी, चिरलेली नळी त्यांच्या हातात दिली. गृहस्थांनी ती दोनदा उलटसुलट पाहिली आणि पैसे मोजून दिले.